पुनमला परत आणा

धनसिंग गिरासे एसटीतून निवृत्त झाले तेव्हा धुळे आगारात त्यांचा सत्कार झाला होता, आणि सत्काराला उत्तर देताना त्यांना चार वाक्यंसुद्धा धड बोलता आली नव्हती. अठ्ठावीस वर्षं त्यांनी कंडक्टरकी केली, शेवटची पाच वर्षं स्टँडवर कंट्रोलर म्हणून बसले. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल, शिरपूरची सुटली की नाही, यापलीकडे चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. म्हणून पुढे सगळा देश त्यांचं बोलणं ऐकायला लागला, तेव्हा धुळ्याच्या देवपूर भागातल्या त्यांच्या गल्लीला वाटलं त्याहून जास्त आश्चर्य त्यांचं त्यांनाच वाटलं.

पुनम ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती परदेशात डॉक्टरकी शिकत होती, चौथ्या वर्षाला होती. त्या देशाचं नाव तिच्या आईच्या, ताईबाईंच्या, तोंडात काही केल्या बसत नसे. त्या ‘पुनमचा देश’ म्हणत, आणि हळूहळू घरात सगळेच तसं म्हणायला लागले. आपणही तसंच म्हणू.

मे महिन्यातला मंगळवार होता. धनसिंगभाऊ जेवायला बसले आणि टीव्ही लावला, तर पडदाभर लाल अक्षरं. पुनमच्या देशात भारतीय विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर हल्ला. एक चित्रफीत दाखवत होते: काळोखी जिना, वरून पळत येणारी मुलं, कुणाची तरी किंकाळी. ताट तसंच ठेवून त्यांनी फोन लावला. पुनमने दुसऱ्या रिंगला उचलला. तिच्यामागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. ती म्हणाली की ते हॉस्टेल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, हॉटेलात काही पोरांची मारामारी झाली आणि ती हॉस्टेलपर्यंत गेली, दोघांना टाके पडले. कॉलेजने दोन दिवस बाहेर पडू नका म्हणून सांगितलंय. तीन आठवड्यांवर परीक्षा आहे, त्यामुळे तिला ते बरंच वाटत होतं.

भाऊंनी सुस्कारा सोडला आणि उरलेली भाकरी खाल्ली.

पण टीव्ही बंद केला नाही. तोच जिना, तीच किंकाळी पुन्हा पुन्हा येत राहिली. तीन वाजेपर्यंत ती हकिगत एका हॉस्टेलची राहिली नव्हती, शहराची झाली होती. चार वाजता पडद्यावर नकाशा आला आणि त्या नकाशावर सगळीकडे ज्वाळा काढलेल्या होत्या. दिल्लीहून परराष्ट्र खात्याने सांगितलं होतं की परिस्थिती आटोक्यात आहे, विद्यार्थ्यांशी संपर्क आहे, त्यांनी घरात थांबावं. ते वाचून दाखवणाऱ्या माणसाचा चेहरा मात्र असा होता की सांगणारे खोटं बोलताहेत हे लहान मुलालाही कळावं.

ताईबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी अहिराणीत विचारलं, “ती ठीक शे ना? मंग हाई टीव्हीवर काय दखाडी राहिनात?”

 भाऊंनी परत फोन लावला. या वेळी पुनमने उचलला नाही. परत लावला, परत वाजून बंद झाला. गल्लीतली माणसं एकेक करून घरात येऊन बसायला लागली. प्रत्येकाने काहीतरी पाहिलं होतं, मोबाइलवर काहीतरी आलं होतं. कुणी म्हणे मुली पळवल्या, कुणी म्हणे पाणी तोडलं. भाऊंनी नऊ वेळा फोन लावला.

साडेपाचच्या सुमाराला कुंदन आला. कुंदन हा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मंदाबाईंचा मुलगा. पस्तिशीचा, सरळ माणूस. धुळ्यातल्या बातम्या तो एका मोठ्या हिंदी वाहिनीला पाठवत असे. अपघात, कांद्याचे भाव, तापमान बेचाळीसवर, असलं काहीतरी महिन्यातून एकदोनदा लागायचं. वाहिनीने त्याला सकाळपासून तीनदा फोन करून विचारलं होतं, तुझ्या भागातलं कुणी आहे का तिकडे? त्याला पुनम आठवली. लहानपणी त्यानेच तिला सायकल शिकवली होती. तो काळजीनेच आला होता, आणि माइक घेऊनही आला होता. दोन्ही खरं होतं.

त्याने आधी पुनमची चौकशी केली. मग म्हणाला की भाऊ, तुमच्या मनात जे आहे ते बोला फक्त, वरपर्यंत पोचेल. भाऊ खुर्चीत बसले. काय बोलले ते त्यांना नंतर नीट आठवलं नाही. शेवटी रडू आलं एवढं आठवलं, आणि “माझ्या पुनमला परत आणा” असं म्हटल्याचं आठवलं. तेही हिंदीत.

सात वाजता पुनमचा फोन आला. ती झोपली होती. रात्रभर हॉस्टेलात सगळ्याजणी जाग्या होत्या, म्हणून दुपारी जेवून झोप लागली आणि फोन गादीखाली राहिला. भाऊ एवढे मोकळे झाले की माइकचं सांगायचंच राहून गेलं.

आठच्या बातम्यांत ते दिसले. एकोणीस सेकंद. “बेटी फोन नहीं उठा रही,” मग रडणं, मग “मेरी पूनम को वापस लाओ.” खाली अक्षरं फिरत होती, एका बापाचा टाहो. त्यानंतर फोन जो वाजायला लागला तो थांबेना. शिंदखेड्याहून, सुरतेहून, ज्यांच्याशी वीस वर्षं बोलणं नव्हतं त्यांचेही. प्रत्येकाला ते सांगत होते की आत्ताच बोलणं झालं, पोरगी ठीक आहे. समोरची माणसं म्हणत, हो भाऊ, धीर धरा.

दुसऱ्या दिवशी कलेक्टर कचेरीसमोर माणसं जमली. त्यांतली बहुतेक भाऊंना ओळखत नव्हती, पण हातातल्या फलकांवर ‘पुनमला परत आणा’ असं लिहिलेलं होतं. दुपारी जळगावला पालकांची बैठक झाली, तिथे भाऊंना नेलं. तिथले झुलाल चौधरी नावाचे एक गृहस्थ, ज्यांचा मुलगा तिकडेच दुसऱ्या वर्षाला होता, त्यांनी भाऊंचा हात धरून सगळ्यांना सांगितलं की आपल्या सर्वांच्या वतीने हा माणूस बोलला. भाऊंना वाटलं, सांगावं की पुनम ठीक आहे. पण झुलाल यांचे डोळे रडून सुजलेले होते आणि त्यांच्या मुलाशी काल संध्याकाळपासून संपर्क नव्हता. अशा माणसासमोर माझी मुलगी ठीक आहे असं म्हणणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी आपला हात झुलाल यांच्या हातातच राहू दिला.

त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीच्या स्टुडिओने त्यांना मोबाइलवरून थेट चर्चेत घेतलं. कुंदनने फोन पाण्याच्या माठाला टेकवून उभा करून दिला. पडद्यावर आठ चौकोन होते आणि सात चौकोनांतली माणसं एकाच वेळी बोलत होती. एक निवृत्त लष्करी अधिकारी म्हणत होते, अशा देशाशी संबंध तोडा. एक जुने राजदूत सांगायचा प्रयत्न करत होते की दोन पोरांच्या भांडणावरून असं करत नसतात, पण त्यांचं वाक्य काही पूर्ण होईना. मग निवेदकाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, “धनसिंगजी, देश आपसे सुनना चाहता है. ऐसे देश से रिश्ता रखना चाहिए?”

एकदम शांतता झाली. ती शांतता भाऊंना सहन होईना. देशाचं नातं म्हणजे काय असतं, ते कोण ठेवतं, कोण तोडतं, याचा त्यांनी जन्मात विचार केला नव्हता. लष्करी अधिकाऱ्यांचं वाक्य कानात होतं, तेच त्यांनी उचललं.

“नहीं रखना चाहिए,” ते म्हणाले.

आदल्या दिवशी ‘परिस्थिती आटोक्यात’ म्हणणाऱ्या खात्याने त्याच रात्री त्या देशाच्या राजदूताला बोलावून जाब विचारला. तिसऱ्या दिवशी विमानं निघाली. प्रवक्ते म्हणाले, जनभावना लक्षात घेऊन हा निर्णय घेतला आहे. गल्लीत पेढे वाटले. भाऊंनी अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला ताईबाईंच्या हातावर ठेवला. आनंद झाला होता हे खरं. सरकारने त्यांचं ऐकलं होतं. आपण नेमकं काय सांगितलं होतं, हे मात्र त्यांना आठवत नव्हतं.

पुनम शनिवारी दुपारी आली. मुंबईहून सरकारी बस होती. गल्लीच्या तोंडाशी ढोलताशे होते, आमदारांनी हार घातला. ती हसली नाही, रडलीही नाही. घरात आल्यावर तिने हार काढून खुंटीला लावला, हातपाय धुतले आणि आईने वाढलेलं मुकाट्याने जेवली. दोन दिवस तिने वडिलांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालताना भाऊंनीच विचारलं की तू रागावलीस का.

ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही मला परत आणा म्हणालात. पण मला विचारलं नाही.”

“तू फोन उचलत नव्हतीस ना बेटा.”

“तीन तास.”

“ते तीन तास कसे गेले ते माझं मला माहीत. पण मग तू आलीस कशाला? नको होतं यायचं.”

यावर तिने जे सांगितलं ते भाऊंना ठाऊकच नव्हतं. पहिले दोन दिवस तिला खरोखरच भीती वाटली नव्हती. हॉस्टेलच्या खाली कोपऱ्यावर पाव विकणारी एक म्हातारी होती. पहिल्या वर्षी तिकडच्या भाषेतले पहिले शब्द पुनमला तिनेच शिकवले होते. बुधवारी दुपारी पुनम हळूच पाव आणायला गेली, तेव्हा त्या बाईने पिशवीत दोन पाव जास्तीचे घातले होते. गुरुवारी मात्र तिने मोबाइल पुढे केला. तिकडच्या वाहिन्यांवर भारतातल्या चर्चा भाषांतर करून दाखवत होते. त्यात भाऊंचा चेहरा होता. म्हातारीने विचारलं, हे तुझ्याच गावाचे ना? हे आमच्याशी नातं तोडा म्हणताहेत. आम्ही काय केलं तुला?

“मी सांगितलं नाही तिला की ते माझे वडील आहेत म्हणून,” पुनम म्हणाली. “त्या दिवसापासून लोक आमच्याकडे वेगळं बघायला लागले. मग मला खरंच भीती वाटायला लागली. म्हणून आले.”

भाऊंनी हातातली चादर दोरीवर टाकली. ती वाकडी पडली तरी सरळ केली नाही.

पंधरा दिवसांनी पुनमच्या देशाने भारतीय विद्यार्थ्यांचे व्हिसा थांबवले. राजदूताला बोलावल्याचं ते उत्तर होतं असं पेपरांत आलं. तिकडेही म्हणे लोकांची तशीच मागणी होती, तिकडेही मोर्चे निघाले होते. जे निघून आले त्यांना परत जाता येईना, आणि अर्ध्या शिक्षणावर इकडे कुठे प्रवेश मिळत नाही असं चौकशी केल्यावर कळलं. जे थांबले होते ते परीक्षेला बसले. टीव्हीवर यातलं काहीच नव्हतं. टीव्हीवर आता एका अभिनेत्याच्या घटस्फोटाचं चाललं होतं.

भाऊंच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की आपलं बोलणं कापलं. आपण कुंदनला स्पष्ट सांगितलं होतं की दुपारी पुनमशी बोलणं झालं, ती ठीक आहे, आणि नेमकं तेवढंच गाळलं. एका सकाळी ते कुंदनकडे गेले. कुंदनने बसायला खुर्ची दिली, आणि भाऊंनी विचारायच्या आधीच सांगितलं की त्याने सगळं पाठवलं होतं, चार मिनिटं, वरच्यांनी त्यातले एकोणीस सेकंद घेतले. त्याने पूर्ण चित्रफीत पुन्हा पाठवूनही पाहिली होती. त्यांनी आता तिची गरज नाही म्हणून कळवलं.

भाऊ म्हणाले, मला दाखव.

कुंदनने लॅपटॉप उघडला. भाऊ स्वतःला बघत बसले. हो, सुरुवातीलाच ते म्हणाले होते, दुपारी बोलणं झालं, ठीक आहे म्हणाली. पण त्यापुढेही बरंच होतं. पडद्यावरचे धनसिंग गिरासे सांगत होते की तिच्या हॉस्टेलच्या चारी बाजूंनी आग लागलीय. मुलींना प्यायला पाणी नाही. सरकार आपल्यापासून लपवतंय. कुंदन मध्ये एकदा हळूच विचारतो, हे पुनमने सांगितलं का भाऊ? आणि ते ठामपणे म्हणतात, हो.

भाऊंनी ते तीनदा बघितलं.

“मी असं म्हणालो?”

“तुम्ही काही खोटं बोलत नव्हता भाऊ,” कुंदन म्हणाला. “तुम्हाला तेव्हा तसंच वाटत होतं. मलाही वाटत होतं.”

म्हणजे कापलं तेच एका परीने बरं झालं होतं. सगळं दाखवलं असतं तर आणखी वाईट झालं असतं. ज्याच्यावर राग धरायचा तो समोर बसून चहा ओतत होता, आणि राग काही जागेवर राहीना. आगीचं आपल्याला टीव्हीने सांगितलं, आणि तेच आपण टीव्हीला सांगितलं, आणि मग टीव्हीने सरकारला. यात पहिल्यांदा कोण बोललं, हे त्यांनी घरी जाताना दोनतीनदा मोजायचा प्रयत्न केला. त्यांचं गणित जुळेना.

तरी काहीतरी करावं म्हणून त्यांनी एक अर्ज लिहिला. माझी मुलगी त्या वेळी सुरक्षित होती, मी घाबरून बोललो, दोन देशांनी संबंध ठेवू नयेत असं माझं मत नाही, तरी माझं म्हणणं मागे घेतलेलं समजावं. अर्ज घेऊन ते कलेक्टर कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने तो दोनदा वाचला. माणूस चांगला होता. त्याने विचारलं की हा कुठल्या शाखेला लावू? भाऊंनी अर्ज उलटून पाहिला. कारकून म्हणाला की मोर्चाचं निवेदन आम्ही वर पाठवलं होतं, त्यावर सहाशे सह्या होत्या. तुमचा एकट्याचा अर्जही पाठवतो. त्याने आवकचा शिक्का मारून पोच दिली. पुढे त्याचं काही कळलं नाही.

मग एके दिवशी पुनम फोनवर बोलत असताना भाऊंना कळलं की तिच्या वर्गातला नवल तिकडेच राहिला आणि सगळे पेपर देऊन मोकळा झाला. नवल जळगावजवळच्या असोद्याचा. त्याची आई धुरपदाबाई एकटीच, केळीच्या बागेत मजुरीला जाते. एवढी बातम्यांची धुमाळी चालली असताना या बाईने मुलाला तिथेच राहू दिलं, तिला कसं कळलं असेल? भाऊंना वाटलं, तिला विचारावं. कुणाला तरी कळलं होतं, एवढं समजलं तरी बरं वाटेल. पुनमला न सांगता त्यांनी जळगावची गाडी धरली आणि तिथून असोदा गाठलं.

धुरपदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. भाऊंना त्यांनी लगेच ओळखलं. पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. भाऊंनी अडखळत विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळेना.

“मले काय समजते भाऊ?” त्या म्हणाल्या. “मी तं त्या दिशी जामनेरले होती, बहिनीच्या पोरीची हळद होती. फोन पिशवीत, पिशवी खुंटीले. टीव्हीवाले आले तं घराले कुलूप. मी परत आली तवा त्याचाच फोन आला, म्हने मी येत नाही. मी म्हटलं राह्य.”

“भीती नाही वाटली?”

“तवा नाही वाटली. आता वाटते.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “तो आता आला तं त्याले परत जाता येत नाही, म्हून येत नाही. चौदा महिने झाले पोराचं तोंड पाहून. तुमची पोर तुमच्या डोयापुढे आहे. आता कोनाचं बरं झालं, तुम्हीच सांगा.”

ते विचारायला गेले होते आणि धुरपदाबाईच त्यांना विचारत होत्या.  भाऊंनी नवलचा नंबर घेतला, पुनमचा दिला, आणि परत निघाले. एसटीत सगळा वेळ त्यांना वाटत होतं की काहीतरी हाती लागलंय, पण पारोळा आलं तरी ते काय हे त्यांना सांगता येत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी पुनमला कॉलेजचं पत्र आलं. दुसऱ्या एका देशातून व्हिसा काढून येणाऱ्यांना आम्ही घेऊ, मात्र चौथं वर्ष पुन्हा करावं लागेल. आपल्या सरकारची एक सूचना मात्र अजून लागू होती की नागरिकांनी त्या देशात जाणं टाळावं. पुनमने दोन्ही कागद वडिलांपुढे ठेवले.

“तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “जाऊ का?”

भाऊंनी दोन्ही कागद वाचले. पूर्वी असा प्रश्न आला असता तर त्यांनी टीव्ही लावला असता, चार जणांना विचारलं असतं. आता त्यांना कुणाला विचारावंसं वाटेना, आणि स्वतःच्या आत पाहिलं तर तिथेही उत्तर सापडेना. जाऊ नको म्हणावं तर मुलीचं आयुष्य. जा म्हणावं, आणि तिकडे काही झालं तर? हे वाटणं आपलं आहे की अजून टीव्हीवरच्या त्या जिन्याचं, तेही कळत नव्हतं.

“मला कळत नाही, पुनम,” ते शेवटी म्हणाले. “खरंच कळत नाही. मी उगाच काहीतरी सांगेन.”

पुनमने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला. ती म्हणाली की ठीक आहे, मग मी ठरवते.

सप्टेंबरमध्ये ती निघाली. जळगावहून दिल्लीची गाडी होती. ताईबाईंनी डब्यात लाडू, कळण्याच्या भाकरी, ठेचा असं दोन दिवसांचं दिलं होतं. गाडी हलली तेव्हा पुनमने खिडकीतून हात केला, आणि भाऊंना जाणवलं की आपण तिला एकदाही जपून राहा म्हटलं नाही. धावत जाऊन सांगावं इतका वेळ नव्हता.

ती गेल्यावर फलाटावर एक गृहस्थ जवळ आले. वरणगावला त्यांचं दुकान होतं. त्यांनी भाऊंना निरखून पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही ते टीव्हीवरचे ना? सगळ्या घराने पाहिलं होतं, बायको तर रडली होती. मुलगी आली ना सुखरूप?

ताईबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. भाऊंनी सांगायला तोंड उघडलं. आली होती, आणि आता गेली. यायला नको होती, किंवा कदाचित हवी होती. आता तिकडे शांत आहे, पण तेव्हाही शांत होतं. कुठून सुरुवात करावी?

“हो,” ते म्हणाले. “आली.”

“सरकारने चांगलं केलं,” गृहस्थ म्हणाले आणि हात जोडून आपल्या गाडीकडे गेले.

पुनम चौथ्या दिवशी पोचली आणि तिने फोन केला. पाव विकणाऱ्या म्हातारीचं दुकान बंद होतं, ती कुठे गेली ते शेजारच्यांना माहीत नव्हतं. खोली तीच मिळाली, पण सोबतीण नवी होती. भाऊ ऐकत राहिले. तिकडे आता कसं आहे, हे विचारावं असं फार वाटत होतं. पण ती जे सांगेल ते खरं मानावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी थंडी पडली का एवढंच विचारलं. ती म्हणाली, अजून नाही.